तारखेच्या आदल्या दिवशी

माणूस दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जातो, ही माझी समजूत केजला दवाखाना टाकल्यावर हळूहळू गळून पडली. इथे माणूस जीपमध्ये जागा मिळाली म्हणून येतो, कापूस वेचून सवड झाली म्हणून येतो, पाहुण्याकडे बारशाला आलोच आहोत तर डोळाही दाखवून घेऊ म्हणून येतो. मी डोळ्यांची डॉक्टर आहे आणि मला लवकर राग येतो, हे तालुक्यात दोन्ही एकदमच पसरलेलं आहे. आता बाकीच्या गोष्टींची सवय झाली. पण तारीख होती म्हणून आलेला एक माणूस मला अजून पचलेला नाही. त्याची आठवण झाली की आजही चिडचिड होते, आणि ती नेमकी कुणावर काढायची हे कळत नाही म्हणून आणखी होते.

ते काका शेअर जीपने तासाभरावर असलेल्या एका गावचे. साठी ओलांडलेले, अंगाने काटक, थोडी कोरडवाहू जमीन आणि दोन म्हशी. लहानपणी बाभळीचा काटा लागून डावा डोळा गेलेला. उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. एकाच डोळ्याच्या माणसाचं ऑपरेशन म्हटलं की आम्हा डॉक्टरांना जरा धडकीच भरते, कारण चुकलं तर मागे दुसरा डोळा नसतो. मी त्यांना म्हटलं, "काका, हा एकच डोळा आहे तुमचा, नीट विचार करून ठरवा."

ते म्हणाले, "बाई, ह्ये नुसतं माज्या डोळ्याचं काम न्हाई. आमच्या दोघांच्या बोलन्याचं काम हाय."

मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे बोट केलं. काकूंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही येत नव्हतं. शाळा नाही, लिहिणं नाही. लग्नाला चाळीस वर्षं उलटून गेली होती आणि इतकी वर्षं दोघं हातांनी बोलत आले होते. त्यांच्या त्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या, दोघांनी घरातच जमवलेल्या होत्या. म्हशीसाठी शिंगं, पुतण्यासाठी मिशीला पीळ, सोयऱ्यासाठी डोक्यावर टोपी. माझ्यासाठी डोळ्याभोवती बोटांचा गोल आणि कपाळाला आठ्या. ही खूण काकांनी मला लाजत लाजत सांगितली, आणि मी आठ्या घालूनच ऐकली.

"मोतीबिंदू वाडला तशी तिची बोटं मला दिसंनात," काका म्हणाले. "परवा तिनं मीठ मागितलं तर मी काडीपेटी आनून दिली. रोज भांडन व्हायलं. ती हात करती, मी आपला अंदाज मारतो."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा काकू समोर उभ्या राहिल्या आणि त्यांची बोटं भराभर चालायला लागली. काका बघत राहिले आणि मोठ्याने हसले. काय म्हणतायत म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "दाडी करून घ्या म्हनती, जनावरावानी दिसायलात." इतकं स्वच्छ बक्षीस मला क्वचित मिळालं असेल.

घरी सोडताना मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. डोळा दुखला, लाल झाला, चिकटायला लागला, कालच्यापेक्षा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी यायचं. मी असो नसो, दवाखाना उघडा असो नसो, वरच राहते, दार वाजवायचं. त्यांनी मान डोलवली. मग विचारलं, "तारीक?" मी म्हटलं, पुढच्या बुधवारी. त्यांनी ती दोनदा पुटपुटून पाठ केली. मी आधी सांगितलेलं सगळं त्या एका शब्दापुढे पालथ्या घड्यावर पाणी ठरलं, हे मला बुधवारी कळलं.

बुधवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले होते. आत येताना त्यांचा हात काकूंच्या खांद्यावर होता. आठवड्यापूर्वी हा माणूस काकूंच्या पुढे चालत बाहेर पडला होता. सोबत पुतण्या होता, पांढरे कडक कपडे आणि खिशात दोन फोन असलेला. काकूंनी मला पाहिलं आणि एकदम दोन्ही हात काकांच्या डोळ्याकडे करून जोरजोरात हलवायला लागल्या. त्यांची भाषा येत नसली तरी एवढं मला कळलं.

पापण्या सुजून बंद झाल्या होत्या. हलक्या हाताने उघडून यंत्राखाली पाहिलं. बुबुळ धुरकट झालं होतं, आणि त्याच्या मागे तळाशी पिवळट पांढरा थर बसला होता, ताकाच्या भांड्यात खाली साका बसतो तसा. तो पू होता. डोळ्यात उजेड टाकला की आतून जी लाल चमक परत येते, ती आलीच नाही. सोनोग्राफी केली तर डोळ्याचा मधला भाग, जो स्वच्छ काळा दिसायला हवा, तो ठिपक्यांनी आणि जाळ्यांनी भरलेला. डोळे येणं वेगळं. ते बाहेरच्या कातडीचं दुखणं, होतं आणि जातं. हा जंतूंचा संसर्ग डोळ्याच्या पोटात शिरलेला होता, आणि तिथून मागचा पडदा अगदी लागून असतो. या आजारात दिवस मोजत नाहीत, तास मोजतात.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"शनवारपास्नं."

"शनिवारपासून! आणि आज बुधवार आहे काका!"

पुतण्या म्हणाला, "म्याडम, गावात बऱ्याच जनांचे डोळे आलेत ना. आमाला वाटलं त्येच आसंल. मेडिकलातून थेंब आनून टाकले की."

मी पुतण्याकडे दुर्लक्ष केलं. काकांनाच विचारलं, शनिवारी का नाही आलात, रविवारी का नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की खुर्ची फेकावी ते कळेना. "काल केजलाच आलतो बाई. म्हशीला पेंड घ्यायला. समोरच्या हाटेलात च्या बी पिलो. ही लई वडायली मला तुमच्या जिन्याकडं. पर मीच न्हाई म्हनलो."

"का पण? कावून?" रागात माझ्या तोंडूनही त्यांचाच शब्द गेला.

"तारीक आजची हाय ना."

त्यांच्या आवाजात चूक केल्याचा मागमूस नव्हता. उलट शाबासकीची थोडी अपेक्षाच होती. मग हळूहळू बाहेर आलं. त्यांच्या शेताला जाणारा रस्ता शेजाऱ्याने अडवला होता आणि त्याचं प्रकरण तहसीलला कित्येक वर्षं चालू होतं. एकदा ते तारखेच्या आदल्या दिवशी गेले तर तिथल्या माणसाने सगळ्यांसमोर झापलं, तारीख कळत नाही का म्हणून हाकलून दिलं. एकदा तापाने अंथरुणावर होते म्हणून तारखेला जाता आलं नाही, तर गैरहजर धरून निकाल विरोधात गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यातून हा माणूस एकच गोष्ट शिकला होता. तारखेच्या आधी जायचं नाही आणि तारीख चुकवायची नाही. इतकं शहाणपण त्याला सरकारने घरपोच शिकवलं होतं, आणि ते त्याने इमानदारीने माझ्या दवाखान्यात आणून वापरलं. असा माणूस पुस्तकात सापडत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, रुग्ण उशिरा येण्याची कारणं अज्ञान आणि अंतर. ज्याने मंगळवारी माझ्या जिन्यासमोर बसून चहा प्यायला त्याचं काय अंतर होतं?

रागावून उपयोग नव्हता, पण मी रागावले. भरपूर रागावले. मग उपचाराला लागले.

अशा वेळी गोळ्या आणि सलाईनचं औषध डोळ्याच्या आत फारसं पोचत नाही. सुई थेट डोळ्याच्या पोटात घालावी लागते. आधी आतला थोडा द्रव तपासणीसाठी ओढून घ्यायचा, मग दोन प्रतिजैविकं आत सोडायची. लातूरला पाठवून तिथे ते करावं, तर गाडी ठरवा, पोचा, नंबर लावा, यात दुपार जाणार. मी ठरवलं की पहिलं इंजेक्शन इथेच, आत्ताच.

पण पुतण्या फोनवर होता. मी सहीसाठी थांबले तर म्हणाला, "एक मिनिट म्याडम, आमदारसाहेबांच्या पीएला लावलाय." डोळ्यात पू भरलाय आणि हा वशिला लावतोय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याने फोन माझ्या कानाला लावायचा प्रयत्न केला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आपला मानूस हाय डॉक्टर, जरा नीट बगा." मी म्हटलं, "नीट बघायलाच बसलेय, फोन ठेवलात तर बघता येईल." पुतण्याचा चेहरा पडला. सही मी काकांचीच घेतली. त्यांनी मला बोट धरून जागा दाखवायला सांगितलं आणि चाचपडत आपलं नाव काढलं.

औषध तयार करणं हे डोकं शांत ठेवायचं काम आहे आणि माझं डोकं तापलेलं होतं. बाटलीतली पूड अख्ख्या शरीराच्या हिशोबाची असते. डोळ्याला त्यातला कण पुरतो. पाणी घालायचं, त्यातलं थोडं घ्यायचं, पुन्हा पाणी घालायचं. कुठे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर जंतूंच्या आधी औषधच पडदा मारतं. दोन औषधं एका सिरिंजमध्ये घेतली तर त्यांचा गाळ होतो, म्हणून दोन वेगळ्या. सिस्टर मोठ्याने आकडे म्हणत होत्या, मी मोठ्याने परत म्हणत होते, आणि बाहेरून पुतण्याचा फोन ऐकू येत होता, "हाव हाव, मी सोता हजर हाय हितं."

इंजेक्शन झाल्यावर काकांनी विचारलं, "ह्ये झालं कशानं बाई?"

याचं खरं उत्तर लोकांना कधीच आवडत नाही. बहुतेक वेळा हे जंतू रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरचे असतात. ऑपरेशनआधी औषध टाकून आपण ते मारतो, तरी एखादा चुकून आत जातो. मी तसं सांगितलं.

"माज्याच पापनीतले?" काका म्हणाले. "मंग साठ वर्सं कुटं झोपलते?"

पुतण्या लगेच म्हणाला, "म्हंजे चूक पेशंटचीच म्हना की!"

काकांसोबत ऑपरेशन झालेले बाकीचे सगळे रुग्ण मी फोन करून बोलावले, सगळे ठणठणीत होते. हत्यारं, पाणी, यंत्र, सगळ्यांचे नमुने तपासायला पाठवले, कुठे काही निघालं नाही. चोर सापडला असता तर निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं. इथे घर लुटलं गेलं होतं आणि कुलूप जागच्या जागी होतं.

दुपारी मी वॉर्डात गेले तर काका पाठीवर पडलेले, उजव्या डोळ्यावर पट्टी. डावा तर नव्हताच. काकू कडेला बसलेल्या. त्यांचे हात सवयीने हवेत उठले, काहीतरी बोलले, मग मध्येच थांबले. समोरचा माणूस बघत नाही हे त्यांना पुन्हा पुन्हा नव्याने आठवत होतं. शेवटी त्यांनी काकांचा दंड धरून हलवला.

"काय म्हनायली?" काकांनी अंधारात विचारलं. "कोन हाय तितं? जरा सांगा की काय म्हनायली ही."

त्या दोघांखेरीज वॉर्डात मी एकटीच होते. मी म्हटलं, "काका, मला तुमची भाषा येत नाही."

"हात कसा केला ते सांगा. मी लावतो अर्थ."

म्हणून मी सांगायला लागले. मूठ पोटावर ठेवली. मग हात तोंडाकडे नाही, तर दाराकडे केला. मग शिंगं. काका म्हणाले, "हां. म्हसरं उपाशी हायत म्हनती. घरी कोन बगतंय म्हनती." मग त्यांनी हवेतच उत्तर दिलं. ते मला दिसलं, काकूंना दिसलं, फक्त काकांना पुढचं दिसणार नव्हतं. असं आम्ही तिघं बराच वेळ बोललो. एका साध्या प्रश्नाला मला घाम फुटत होता. चाळीस वर्षं जे दोन माणसांत डोळ्याचं पातं लवायच्या आत होत होतं, त्यात आता एक चिडकी डॉक्टरीण मध्ये बसलेली होती आणि तिला शेणाची खूण आणि भाकरीची खूण एकच वाटत होती. काकू माझ्यावर वैतागल्या. त्यांनी कपाळावर हात मारला. ते मात्र मला न सांगता कळलं. जिना उतरताना मला रडू आलं, आणि मी ते सिस्टरच्या नजरेआड उरकलं.

दुसऱ्या दिवशी पू जराही हटलेला नव्हता. मी लातूरला असलेल्या माझ्या वर्गमित्राला फोन केला. पडद्याच्या शस्त्रक्रिया करणारा तो. त्याने त्याच दिवशी टेबलावर घेतलं, डोळ्यातला पू मिसळलेला सगळा चिकट द्रव बारीक कापून बाहेर काढला आणि पुन्हा औषध भरलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. "डोळा राहील," तो म्हणाला. "पण पडद्याचा मधला भाग गेलाय गं. दोन-तीन दिवस आधी मिळाला असता तर."

तर.

मी पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल आला तोपर्यंत. त्यात जंतूंची वाढ झाली नाही असं लिहिलं होतं. म्हणजे इतकं सगळं करून गेला तो कोण होता, त्याचं नावसुद्धा कळलं नाही. मित्र म्हणाला, निम्म्या वेळा असंच होतं. मी म्हटलं, मला निम्म्या वेळांशी काय करायचंय.

पुढे आठवडाभरात माझ्या फोनवर कुणीतरी एक फोटो पाठवला. काकांच्या गावच्या ग्रुपवर फिरत होता. साहेबांचा हसरा फोटो, खाली हात जोडलेला पुतण्या, आणि मजकूर असा की साहेबांच्या तत्पर प्रयत्नांमुळे गोरगरिबाचा डोळा वाचला. मी तो फोटो मित्राला पाठवला. त्याने उत्तरात टाळ्या पाठवल्या. मी फोन गादीवर आपटला. गादीवर, कारण नवीन होता.

महिन्याने काका-काकू दोघंच आले. डोळा शांत होता. लाली गेली होती, दुखणं गेलं होतं. मी तपासायला बसवलं. भिंतीवरच्या तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षर दिसत नव्हतं. जवळ जाऊन बोटं दाखवली, किती आहेत ते सांगता येत नव्हतं. माणूस कुठे आहे, हात वर आहे की खाली, एवढं कळत होतं. बोटांचं बारीक काम नाही. आणि त्या दोघांचं सगळं बोलणं बोटांत होतं.

पण काकू गप्प बसल्या नव्हत्या. मी पाहत होते. त्या काकांच्या अगदी पुढ्यात, वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि अख्खे हात खांद्यापासून फिरवायला लागल्या. पूर्वी जे दोन बोटांत व्हायचं ते आता दोन्ही हातांनी, डोक्याच्या वरपासून कमरेपर्यंत. एकदा नाही कळलं तर पुन्हा, आणखी मोठं. माझा टेबलावरचा दिवा त्यांच्या हाताने पडता पडता वाचला.

"बगा कशी वरडायली," काका मला म्हणाले. "समदं गाव हासतंय. पानी दे म्हनायचं तरी आसं करती जनू वीज पडायली." काहीतरी लागत होतं, काहीतरी चुकत होतं. तीन खुणांतली एक त्यांना कळत होती.

मग काकू माझ्याकडे वळल्या. काकांच्या डोळ्याकडे बोट केलं, दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरले आणि थांबल्या. मला कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. काकांना ते दिसलं नव्हतं, म्हणून मीच सांगितलं.

"काका, त्या विचारतायत अजून किती सुधारेल. खरं सांगते तुम्हाला. एवढंच. मी कुठला उपाय बाकी ठेवला नाही आणि लातूरवाल्यांनीही ठेवला नाही. याच्यापुढे नजर वाढणार नाही. त्यांना सांगा."

काका म्हणाले, "बरं."

ते काकूंच्या बाजूला वळले. उजवा तळवा गुडघ्यापाशी धरला. तिथून हळूच कमरेपर्यंत आणला, तिथे जरा थांबवला, मग छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत, पीक कसं वाढत जाईल ते सांगावं तसा. वर मान हलवून दुजोराही दिला. काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

मी बोलायला तोंड उघडलं. माझं बोलणं त्या बाईपर्यंत पोचवणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि त्याने ते पोचवलं नव्हतं.